प्रसाद नाकारला म्हणून

खंडेनवमीस पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. तेथें एखादा यहुदी कामगार हात जोडीत नाहीं, पेढाही घेत नाहीं, म्हणून त्यास उद्धट ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. मूर्तीस वाहिलेला नैवेद्य त्याच्या धर्मशास्त्रानें त्यास वर्ज्य आहे. एकादशी पाळणाऱ्यानें भात नाकारला तर आपण अपमान मानतों काय?

मिश्ना या त्यांच्या प्राचीन ग्रंथांत मूर्तिपूजकांच्या सणापूर्वीं तीन दिवस त्यांच्याशीं देवघेवही निषिद्ध सांगितली आहे. परंतु पुढील शास्त्र्यांनीं उदरनिर्वाहाची अडचण ओळखून ती बंदी सैल केली, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. कोकणांतील बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत; गांवानें त्यांस 'शनवार तेली' म्हटलें, बहिष्कार घातला नाहीं. पुण्यांतील १८६७ सालच्या यहुदी प्रार्थनामंदिरांत मूर्ति नाहीं, तरी लोक त्यास 'लाल देऊळ'च म्हणतात! कारखानदारांनीं पूजेची हजेरी ऐच्छिक ठेवावी, आणि टोपलीभर फळें नैवेद्यापासून वेगळीं राखावीं.