समदुःखींचे मंडळ आणि पेढीची पत

स्मरणिकेसाठी दरवर्षी आमच्याकडून धान्यबाजाराविषयी लेख मागविला जातो आणि आम्ही तुरीच्या आवकेपासून वाहतूकभाड्यापर्यंत तेच ते लिहून संपादक मंडळाचे समाधान करितो. यंदा तुरीस रजा देऊन एका प्राध्यापकांच्या कार्याकडे वाचकबंधु-भगिनींचे लक्ष वेधण्याची आमची इच्छा आहे.

धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र व विमागणित शिकवीत. आडनाव वाणी असूनही त्यांनी तराजू धरला नाही. हजारो आयुष्यांच्या जोखमीचा हिशेब मांडावयास शिकविणे हा त्यांचा व्यवसाय. परंतु स्वतःच्या घरी जी जोखीम आली तिला कोणतेच कोष्टक लागू पडेना. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई ह्यांस स्किझोफ्रेनिया हा मनोविकार जडला होता. पुढे १९९७ साली त्यांनी पुण्यास ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. रुग्णांच्या आप्तांनी एकत्र बसावे, एकमेकांस आपला अनुभव सांगावा, हे तिच्या कार्याचे एक प्रमुख अंग होय. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराचे फळ. त्यातील आजारी भावासाठी झुरणारी बहीण पाहताना आम्हांस अर्ध्यावर उठून बाहेर यावे लागले. त्याचे कारण पुढे येईलच.

स्वयंसहाय्य गट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे महिलांचा बचत गट उभा राहतो. येथे गोष्ट निराळी. येथे भांडवल म्हणजे भोगलेले दुःख. अमेरिकेत १९३५ साली अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेही मद्यासक्त, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. ह्या मंडळींचा एक नियम असा की, बाहेरच्यांची देणगी घ्यावयाची नाही. देणगी आणि संगमरवरी पाटी ह्यांची सवय झालेल्या आपणांस हा नियम चमत्कारिक वाटेल खरा! पुढे १९६५ साली बोस्टनजवळ स्वॉम्पस्कॉट येथील परिषदेत समुदाय-मानसशास्त्र ही शाखा आकारास आली, आणि त्या शाखेतील काही प्राध्यापकांनी अशा गटांस पाठबळ देणे हेच आपले जीवितकार्य मानले. वाणींनी तेच काम त्या शाखेची पदवी न घेता केले. आज ते हयात नाहीत.

आता आमचे. आमचे धाकटे बंधू पेढीवर रोकडमेळ लिहीत. तेविसाव्या वर्षी ते म्हणू लागले की, वहीतील आकड्यांत कोणी तरी आपल्याविरुद्ध कट लिहून ठेवीत आहे. आम्ही बाहेर सांगितले, पोटाचा विकार आहे. बहिणीचे लग्न ठरावयाचे होते, आणि मलकपेठेच्या गंजात बातमी भावाच्याही आधी पोहोचते. हैदराबादेत ‘एर्रागड्डा’ हा शब्द लोक टोमण्यासारखा वापरतात. तेथील सरकारी मानसोपचार रुग्णालयाचा त्यात काय दोष? पण त्या शब्दाच्या भयाने आम्ही दोन वर्षे डॉक्टरांकडेही गेलो नाही. अकरा वर्षे आमच्या मातोश्री कोणाच्या लग्नकार्यास गेल्या नाहीत. नंतर समजले की हमालांपासून दलालांपर्यंत सर्वांस सर्व ठाऊक होते. धीराचा शब्द मात्र कोणास बोलता आला नाही, कारण ती वाट आम्हीच बंद केली होती.

एके दिवशी दिलसुखनगरात औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एका तेलुगू निवृत्त शिक्षकांनी आमच्या हातातील गोळ्यांचे पाकीट ओळखले. त्यांच्या मुलास त्याच गोळ्या चालू होत्या. भास होत असता वाद घालू नये, भ्यावयाचे कारण नाही एवढेच म्हणावे. गोळी चुकली तर ओरडू नये. आणि घरातील एकाने तरी रात्री पुरते झोपावे. अर्ध्या तासात इतके त्यांनी सांगितले. हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही. परंतु ज्याच्या घरी तीच रात्र असते त्याने सांगितले की ते पटते.

म्हणून आमचे मत असे की, आपल्या संघटनेने आपले सभागृह महिन्यातून एका रविवारी सायंकाळी अशा कुटुंबांस मोकळे द्यावे. भाषण नको, छायाचित्र नको, उपस्थितीची नोंदही नको. औषध सोडा असे सांगणारा कोणी निघाला तर त्यास त्याच दिवशी निरोप द्यावा. गट हा वैद्यास पर्याय नव्हे. मुलामुलींच्या लग्नांचे काय, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही, आम्ही स्वतः त्याच भीतीने वागलो. पण ओले पोते गोदामाच्या तळाशी दडपले म्हणजे काय होते, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर विमा कंपन्यांनीही ह्या आजारास इतर आजारांच्या बरोबरीने वागवावे असे ठरविले आहे. विमा कंपनीने मानावे आणि भावकीने मानू नये, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

कार्यकारिणीच्या पुढील सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. बंधू आता दुपारी पेढीवर येतात, बारदान मोजून लिहितात. त्यांचा आकडा सहसा चुकत नाही. ठराव मंजूर झाल्यास पहिल्या रविवारी आम्ही दोघे सभागृहात बसून असू. चहा आमच्याकडून.