दगडात काय बघायचं?

‘सोलापुरात आहे काय? ऊन, धूळ आणि काळा दगड!’ बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक बॅचच्या तोंडी हे वाक्य असतंच. ऊन आणि धूळ याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दगडाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण सिव्हिलवाले जिऑलॉजी शिकतो ती ओरलपुरती. बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, खडी उत्तम, पुढचा प्रश्न! लाव्ह्यात जीव कुठला टिकायला, म्हणून जीवाश्मांचा धडा ऑप्शनला. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा एका दमात आलेला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साठली, झाडं उगवली, गोगलगायी फिरल्या आणि पुढच्या लाव्ह्याखाली झाकल्या गेल्या. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांना १८५० च्या दशकात अशाच पातळ थरात शंख, माशांचे खवले, बिया सापडल्या. मुंबईत वरळीच्या थरात तर इवलेसे बेडूक मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. डायनासोरवर सिनेमे निघतात, पण बोटाच्या पेराएवढा जीव दगडात स्वतः शोधण्याची मजा काही औरच!

ती मजा मला मिळाली होटगी रोडवर, एका फरशीच्या दुकानाबाहेर. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचे तुकडे पडले होते. एकावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि आत शिंपल्यांच्या कडा उमटल्या, चंद्रकोरीसारख्या! ज्युरासिक काळातल्या समुद्रातला जीव, आणि मी उभा सोलापूरच्या उन्हात. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा की, वेस्टेजच हाय ते." तो तुकडा आज माझ्या टेबलावर आहे. मात्र एक सांगतो, फर्नच्या पानासारखी काळी नक्षी दिसली की लगेच उड्या मारू नका. ती बहुधा मँगनीजची करामत असते. पानाला शिरा असतात, या नक्षीला नुसत्याच फांद्या फुटतात.

मित्रहो, गंमत सोडा, पण एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. विहीर, रस्त्याचं कटिंग, इमारतीचा पाया... कोट्यवधी वर्षं बंद असलेला थर पहिल्यांदा उघडतो तो आपल्याच कामात. आणि आठवड्याभरात त्यावर काँक्रीट ओततो तेही आपणच! तिथे उभ्या असलेल्या इंजिनिअरने बघितलं नाही, तर पुन्हा कुणीच बघणार नाही. म्हणून प्रॅक्टिकलला पेटीतल्या नंबर लावलेल्या नमुन्यांबरोबर एखादी खरी खाणही दाखवा. साइटवर जाताना टेपबरोबर एक साधं भिंग खिशात ठेवा. दोन काळ्या थरांच्या मध्ये राखाडी, मातकट पट्टा दिसला तर पाच मिनिटं थांबा, फोटो काढा, जागा लिहून ठेवा, सरांना दाखवा.

पाच मिनिटांनी कुठलाही प्रोजेक्ट लेट होत नाही. तो आधीच झालेला असतो!