आपली चरित्रे आपणच लिहिली पाहिजेत

चरित्र ही केवळ थोरामोठ्यांची मिरासदारी आहे, ही समजूत आपल्या लोकांनी आता टाकून दिली पाहिजे.

बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे (१९२५–१९८४) यांचे चरित्र मुलांस सांगावयास आपणांजवळ पुरेसा आधार आहे. चांद्यास जन्म, विलायतेत बॅरिस्टरीचे शिक्षण, राज्यसभेचे सभासदत्व आणि १९६९ ते १९७२ या काळात त्याच सभागृहाचे उपसभापतिपद. ही कारकीर्द सरकारदप्तरी नमूद आहे. परंतु १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास परमपूज्य बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेण्यासाठी खेड्यापाड्यांतून जे स्त्रीपुरुष आले, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ साली झाला. म्हणजे तेथील घराण्यांचाही तो इतिहास चांद्याच्या इतिहासातच आहे. त्या दिवशी बारा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे. अवधी थोडा उरला आहे.

हे काम अशक्य नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली काढला आणि पुढे आयुष्यभर ते त्याच कार्यात राहिले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते करून त्यांची माहिती जमविली आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. ते कष्ट झाले नसते, तर त्यांतील कित्येक स्त्रियांची नावेही आज उरली नसती.

म्हणून आमची प्रत्येक बौद्ध कुटुंबास विनंती आहे की, घरातील वृद्धांचे चरित्र दोन पानांत लिहून काढावे. नाव, गाव, जन्मसाल, आईचे व वडिलांचे नाव, शिक्षण, पोटाचा धंदा, दीक्षा केव्हा व कोठे घेतली, त्यापायी काय सोसावे लागले, हे सर्व त्यांत यावे. तारीख ठाऊक नसेल तर ती कल्पनेने घालू नये. चमत्कार व अतिशयोक्ती यांना तर थाराच देऊ नये. आपण जुनी पुराणे टाकली, ती नवी पुराणे रचण्यासाठी नव्हे. शाहीर, शिक्षक, मजूर, सुईण, सर्वांचीच चरित्रे मोलाची आहेत.

लेखणी घरातील शिकत्या मुलीच्या हाती द्यावी. एक प्रत घरी ठेवावी व दुसरी गावच्या विहारात. पुढील पिढीस आपले पूर्वज कोण होते हे परक्यांस विचारण्याची पाळी येऊ नये.