हवा बघून येणारे, काम बघून जाणारे

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटची गोष्ट. सकाळी कारापूर तिस्कावर मी म्हापशाच्या बसची वाट बघत होते. आमच्या वाड्यावर भाड्याने राहायला आलेली एक दीदी धावून परत येत होती. तिशीच्या आसपासची, गुडगावची, लॅपटॉपवर नोकरी करणारी, रोज पाच-सहा किलोमीटर पळणारी. बाटलीतलं पाणी पीत ती मला हिंदीत म्हणाली, "तुम्ही लोक किती नशीबवान! अशी हवा सोडून कोणी जाईल तरी का?"

मी नुसती हसले. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाचा कुवेतचा व्हिसा आला होता.

घरी येऊन शामायला हे सांगितलं. ती सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वारें बरें, पूण वाऱ्यान पोट भरना." वारा चांगला आहे, पण वाऱ्याने पोट भरत नाही. खरं तर माझा लेख या एका वाक्यातच संपतो. पण संपादकांनी पानं मोकळी ठेवली आहेत, आणि मला या वाक्याशी थोडं भांडायचंही आहे.

हवा बघून माणसं राहायची जागा ठरवतात, यात नवीन काही नाही. आपल्या राजधानीचा इतिहासच बघा. जुने गोवे म्हणजे एकेकाळी पूर्वेकडचं केवढं मोठं शहर! पण मलेरिया, कॉलरा आणि घाण पाणी यांनी ते पोखरलं. विहिरींचं पाणी दूषित, भोवती दलदल. १७५९ मध्ये व्हाइसरॉय मांडवीच्या मुखाजवळ, पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. दगड तेच, देवळं-चर्चही तिथेच, पण कारभार करणारी माणसं मोकळ्या वाऱ्याकडे निघून गेली. इंग्रजांचंही तेच. मुंबईच्या गव्हर्नरचा मुक्काम पावसाळ्यात पुण्याला आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला असायचा. आज बेंगळुरूला नोकरी लागली की लोक आधी पगार सांगतात आणि मग लगेच "वेदर मस्त आहे" म्हणतात. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरच्या शहरात पंख्याशिवाय झोप लागते, ही काही छोटी गोष्ट नाही.

ज्याला शरीर हलवायचं आहे त्याला हवेचा फरक पटकन कळतो. घाम येऊन काही होत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. हवेत दमटपणा जास्त असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून आपल्याकडचं मे महिन्यातलं ३४ डिग्री अंगावर येतं आणि देशावरचं तेवढंच ऊन त्या मानाने सोसवतं. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या तालुक्यात पहाटे धुकं असतं, कोरडा गार वारा असतो. वाळवंटीच्या काठाने विठ्ठलापूरच्या देवळापर्यंत चालत गेलं तरी दमायला होत नाही. त्याच दिवसांत दिल्लीत माणसं मास्क लावून फिरतात. मग दीदीने इथे यावं यात तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर मीही आले असते.

पण माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. दीदीने गाव निवडलं नव्हतं, तिने चार महिने निवडले होते. तिच्या आधी त्याच घरात राहिलेलं एक जोडपं जुलैमध्ये निघून गेलं. बुटांवर बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास, वीज गेली की इंटरनेट गेलं, रस्त्यावर धावायला जावं तर सतत पाऊस. पणजीत वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याला, केरी-वाळपईकडे त्याहून कितीतरी जास्त. २३ जुलै २०२१ ला सत्तरी-डिचोलीत पूर येऊन घरं पडली, तो दिवस आपण विसरलेलो नाही. साखळीच्या बाजारात वाळवंटीचं पाणी शिरू नये म्हणून पंप लावावे लागतात. ही सुद्धा इथलीच हवा. जाहिरातीतल्या फोटोत ती दिसत नाही, एवढंच. पण सांजांवाला विहिरीत उडी मारायला विहीर भरलेली लागते आणि ती भरायला हाच पाऊस लागतो.

आता दुसरी बाजू बघा. माझा मावसभाऊ कुवेतला गेला. तिथे जुलैत पारा ४५ च्या वर जातो. स्विंडनला किती गोवेकर आहेत हे तर आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी सांगेल. तिथे डिसेंबरात दुपारी चारला काळोख पडतो. आमच्या आधीच्या पिढ्या बोटीवर गेल्या. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलावच्या गावाच्या कुडीत पेटीला पेटी लावून राहिल्या. डिचोली-पेडण्यातली कितीतरी हिंदू कुटुंबंही मुंबईला गेली, चाळीत राहिली, आणि चतुर्थीला गावी आली. यातल्या एकानेही "तिकडचं वेदर कसं आहे?" असं विचारून पेटी भरली असेल असं मला वाटत नाही. काम कुठे आहे, एवढंच विचारलं.

म्हणजे हवा सगळ्यांनाच आवडते, पण हवा बघून घर निवडता येणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्याचं काम त्याच्या बॅगेत मावतं त्यालाच ते जमतं. ज्याचं काम एका जागी बांधलेलं आहे, त्याला कामाची हवा सोसावी लागते.

आणि 'ॲक्टिव्ह' या शब्दाचं काय करायचं? हल्ली बंगल्यांच्या जाहिरातीत 'ॲक्टिव्ह लाइफस्टाइल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे सायकल, योगा, स्विमिंग पूल. २०१९ मध्ये मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली तेव्हा मी शाळेत होते. समुद्रात पोहणं, सायकल आणि मग २१ किलोमीटर धावणं, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात! मला त्या लोकांचं खरंच कौतुक वाटतं. पण गोव्यातली सगळ्यात ॲक्टिव्ह माणसं कोण, असं मला विचारलं तर मी त्या बंगल्यांचं बांधकाम करणाऱ्या मजुरांचं नाव घेईन. झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून आलेले हे लोक मे महिन्यात दुपारी दोनला स्लॅबवर उभे असतात. त्यांच्या फिटनेसचा फोटो कोणी काढत नाही. पहाटे काजूच्या बागेत जाऊन ऊन चढायच्या आत बोंडू गोळा करून आणणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या बायकाही ॲक्टिव्हच की.

याच बायका एक ते चार घरात थांबतात, दुकानं बंद असतात, आणि बाहेरचा माणूस हसून म्हणतो, "गोंयकार सुशेगाद." अहो, हा आळस नाही! दमट उन्हात राबायचं तर दुपार सोडून सकाळ-संध्याकाळ राबायचं, हे या हवेने शिकवलेलं वेळापत्रक आहे. आळशी माणूस पहाटे पाचला बागेत कशाला जाईल?

जुन्या लोकांनी राहायची जागाही हवा बघूनच निवडली होती, फक्त त्यांची नजर वेगळी होती. आपली गावं नीट बघा. सडा मोकळा, घरं डोंगराच्या पायथ्याला, त्याच्याखाली कुळागर, मग शेत आणि शेवटी नदी. सड्यावरून व्ह्यू छान दिसतो हे आमच्या पणजोबांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्यांना हेही माहीत होतं की सड्याचा चिऱ्याचा दगड पावसाचं पाणी पितो आणि तेच पाणी पुढे पायथ्याच्या झरीला आणि विहिरीला येतं. म्हणून वर घर बांधायचं नाही. वर काजू, गुरं आणि पाऊस. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरती कौलं, पुढे सोपो किंवा बाल्कांव. एसीशिवाय मे काढता येईल असं घर. घरासाठी हवा बघायची, तशीच घरामुळे हवेचं काय होईल हेही बघायचं. हा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो आहोत.

आमच्या तालुक्याकडे हवेसाठी कोणी येईल असं लहानपणी कोणाला खरं वाटलं नसतं. तेव्हा आमची ओळख खाण ही होती. ट्रकांची रांग, लाल धूळ, वाळत घातलेले कपडे लाल. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मग कोविड आला आणि काम घरून करता येतं हे शहरातल्या लोकांना कळलं. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं सुटू लागली. आसगाव, शिवोली, मोरजी, हरमल भरत आले तशी नजर डिचोलीकडे वळली. 'समुद्र नाही पण हिरवळ आहे' असं म्हणत. आता जमीन विकायची का, हा प्रश्न आमच्या वाड्यावर जेवताना निघतो.

आणि विकली तर वर काय होणार? तर सड्यावर प्लॉट. कारण वारा आणि व्ह्यू तिथे. २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात आलेल्या ३९अ कलमाने प्रादेशिक आराखड्यातल्या जमिनीचा झोन बदलायची वाट करून दिली. कागदावर एक रंग पुसून दुसरा लावला की झालं. पण झरीला तो कागद वाचता येत नाही. मार्च २०२३ आठवतो? उष्णतेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारी बारालाच सोडल्या होत्या, आणि त्याच दिवसांत म्हादईच्या अभयारण्यातले डोंगर जळत होते. रात्री इथूनसुद्धा आकाश तांबूस वाटायचं. ज्या हवेसाठी लोक येतात ती हवा आकाशातून फुकट पडत नाही. ती त्या डोंगरांनी, झाडांनी आणि सड्यांनी तयार केलेली असते. डोंगर कापून वाऱ्यासाठी घर बांधणं म्हणजे दूध हवं म्हणून गाय विकण्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, ही बाहेरच्यांविरुद्धची ओरड आहे. तसं नाही. आमची माणसं स्विंडनला बाहेरचीच आहेत आणि तिथे त्यांना चांगलं वागवावं असं मला वाटतं. मग इथे आलेल्या दीदीला मी कोणत्या तोंडाने "परत जा" म्हणू? शिवाय जमीन विकणारा माणूस बाहेरचा नसतो. माझी तक्रार येण्याबद्दल नाही, फक्त चांगला ऋतू उचलून बाकीचं गावावर टाकण्याबद्दल आहे. यावं, पण जुलैमध्येही राहावं. गावातलं पडकं जुनं घर दुरुस्त करून राहावं, सडा सोडावा. विहीर कधी आटते हे शेजारणीला विचारावं.

आणि आपण काय करायचं? आपल्यातले बहुतेक जण अठरा पूर्ण केलेले आहेत, म्हणजे ग्रामसभेत बसायचा आपल्याला हक्क आहे. ग्रामसभा रविवारी असते. मिस्सा संपवून सरळ तिथे जाता येतं. मागच्या ग्रामसभेला मी पहिल्यांदा गेले. पन्नाशीच्या खालचे आम्ही मोजून सहा जण होतो. मी काही बोलले नाही, घाबरले. पण पुढच्या वेळी एवढंच विचारणार आहे की सड्यावर काही बांधायचं ठरलं तर खालच्या झरीचं पाणी आधी कोण मोजणार. दुसरं म्हणजे, घरून काम करता येतं तर ते फक्त गुडगावच्या माणसालाच का यावं? साखळीत चांगलं इंटरनेट असलेलं वाचनालय असेल, संध्याकाळी सातनंतरही बस असेल, तर माझ्यासारख्या चार जणी इथूनच भाषांतराचं, संपादनाचं काम करू शकतील. मग हवा निवडण्याची चैन आम्हालाही परवडेल.

शामायशी मला भांडायचं होतं ते इथे. वाऱ्याने पोट भरत नाही हे खरं, पण पोट भरायला दर वेळी वारा सोडूनच जावं लागेल हे मी अजून मान्य केलेलं नाही.

मावसभावाने परवा व्हिडिओ कॉल केला. तिथे रात्रीचे नऊ वाजले होते, खोलीत एसीचा आवाज येत होता. बोलता बोलता म्हणाला, "कॅमेरा जरा खिडकीकडे धर गो." आमच्याकडे साडेअकरा झाले होते, बाहेर काळोख होता, दिसत काहीच नव्हतं. तरी मी फोन खिडकीत धरला. तो म्हणाला, "ऱ्हाव, फक्त ऐकतां." बाहेर वारा सुटला होता आणि माडांची झावळं वाजत होती.

मार्चमध्ये मला एमएचे अर्ज भरायचे आहेत. पुण्याचा भरून ठेवला आहे, गोवा विद्यापीठाचा अजून भरायचा आहे.