मागणारा आधी देणारा हवा

धर्मग्रामात एखादे काम काढायचे ठरले, मग ते गरीब मुलांच्या वसतिगृहाचे असो वा आजाऱ्यांच्या औषधपाण्याचे, की बैठकीत पहिला प्रश्न येतो : पैसा कोठून आणायचा? त्याचे उत्तरही ठरलेलेच असते. चारचौघांत वजन असलेला, बोलका माणूस पुढे करा, एखादा मोठा दाता गाठा, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावा, झाले काम! निधी जमविणे म्हणजे जिभेचा आणि ओळखीपाळखीचा खेळ, अशी ही समजूत आहे. आमचे भांडण तिच्याशी आहे. ती इतरत्र कोणी बाळगली तर एक वेळ समजू शकेल. पण सातारकरांच्या तोंडी ती मुळीच शोभत नाही.

कारण निधी कसा जमवावा, याचा धडा याच मातीत गिरविला गेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. भाऊराव पूर्वी किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी गावोगाव हिंडलेले. तेव्हा बोलण्याची हातोटी त्यांना होती, हे आम्हांस मान्य आहे. पण केवळ त्या हातोटीवर नांगर खपतात. दुसऱ्याच्या लेकरांसाठी कोणी आपल्या कणगीत हात घालीत नाही.

लोकांनी तो घातला, कारण मागणाऱ्याचे घर त्यांना दिसत होते. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. त्या काळी त्याचा अर्थ काय होता, हे आमच्या मायबहिणींना सांगावयास नको. ज्या घरचे सौभाग्यलेणे मुलांच्या भाकरीसाठी गेले, त्या घरच्या माणसाला ‘तुम्ही स्वतः काय दिलेत?’ असे कोण विचारणार? निधी जमविणाऱ्याची पहिली पात्रता ही आहे. ती शिकवणीने येत नाही.

दुसरी गोष्ट मूठभर धान्याची. गृहिणीने चुलीपुढे बसताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची रीत होती. एका मुठीने किती पोटे भरणार, असे शहाणे म्हणतील. आम्ही म्हणतो, त्या मुठीने ते घर संस्थेचे झाले. १९४८ साली सरकारी अनुदान थांबले, तरी संस्था मोडली नाही. एकाच खांबावर उभे असलेले छप्पर तो खांब काढताच कोसळते. अनेक हातांनी धरलेले कोसळत नाही.

तिसरी गोष्ट नकार देण्याची. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली निघाले. त्याचे नाव बदलल्यास मोठी देणगी मिळत होती आणि भाऊरावांनी ती नाकारली, असे जुनी माणसे सांगतात. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, तो निधी जमवीत नाही. तो काम विकतो. आणि ज्यांचे नाव कराडच्या महाविद्यालयास १९५४ साली दिले गेले, त्या गाडगे महाराजांनी लोकांच्या पैशांतून मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या. स्वतःजवळ मात्र खराटा आणि मडकेच ठेवले.

आता आमचाच एक दोष सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली, तेव्हा आम्हीही दारोदार हिंडलो. लोकांनी हात आखडता घेतला नाही. पैसे पोहोचते केले आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो. वर्षभराने मिस्सानंतर एका वृद्ध बाईने विचारले, “फादर, त्या पैशांचं पुढं काय झालं वो?” तिने दिलेली नोट लहान होती, पण प्रश्न लहान नव्हता. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरीही मान आमचीच खाली गेली. यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या संत पौलाने ती एकट्याने हाताळली नाही. कोणाला बोट दाखविता येऊ नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला विश्वासू बंधू धाडला. देवापुढेच नव्हे, तर माणसांपुढेही व्यवहार चोख असावा, असा त्याचा आग्रह होता. प्रेषिताला जे आवश्यक वाटले, ते आम्हांस का वाटू नये?

यावर कोणी म्हणेल, मोठ्या दात्यांचे दान तुम्हांस नको आहे काय? जरूर हवे! पण ते पंक्तीत बसून यावे, पंक्तीच्या डोक्यावर नव्हे. आज मोबाईलवरून क्षणात पैसे पाठविता येतात. देणे सोपे झाले आणि विसरणे त्याहून सोपे. म्हणून तर मागणाऱ्याने पुन्हा त्या दारी जाऊन हिशेब सांगणे अधिक अगत्याचे झाले आहे.

तेव्हा पुढील बैठकीत ‘मोठा दाता कोणाच्या ओळखीचा आहे?’ हा प्रश्न जरा मागे ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा : येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने काय दिले? त्याचे उत्तर मिळेपर्यंत पावतीपुस्तक उघडू नये. सुरुवात अर्थातच आमच्यापासून व्हावी.