क्लार्क यांचंही घर

मुलीकडे अटलांटाला गेले होते, तेव्हा हट्टानं प्लेन्सला जाऊन आले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं बालपणीचं घर या गावाजवळ, आर्चरी नावाच्या वस्तीत जपलेलं आहे. हट्टाचं कारण विक्रोळी. जिमींच्या आई लिलियन नर्स होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारी सेवा-संघटनेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीला आल्या, गोदरेजच्या दवाखान्यात राबल्या. मी त्याच विक्रोळीत लहानाची मोठी झाले.

घर १९३८च्या आधी, म्हणजे वीज येण्यापूर्वी जसं होतं तसं ठेवलंय. संडास मागे अंगणात. १९३५ साली पवनचक्की बसली तेव्हा घरात पाणी आलं, आणि न्हाणीघरात वर टांगलेली, बुडाला भोकं पाडलेली बादली हाच शॉवर. शेजारी वडिलांचं, अर्ल कार्टर यांचं दुकान. शेत मालकाचं आणि मजुरांनी सामान घ्यायचं ते दुकानही मालकाचंच.

पण मी थबकले ती काही पावलांवरच्या दुसऱ्या घरापाशी. हे कार्टरांच्या शेतावर काम करणाऱ्या जॅक आणि रेचल क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याचं. उजाडायच्या तासभर आधी जॅक घंटा वाजवायचे आणि शेत जागं व्हायचं. आईवडील बाहेरगावी असले की जिमी याच घरात जमिनीवरच्या अंथरुणात झोपायचा. कार्टरांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं तेही त्या पहाटेपूर्वीच्या तासाचं.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मला तिथे उभी असताना सारखा आठवत होता. जून १९३८. कृष्णवर्णीय अमेरिकन जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांची मुष्टियुद्धाची लढत. शेतावरच्या कृष्णवर्णीयांना ती ऐकायची होती, म्हणून अर्लनी रेडिओ खिडकीत ठेवला. माणसं बाहेर झाडाखाली उभी. लुईनं पहिल्याच फेरीत श्मेलिंगला लोळवलं. अंगणात कुणी हूं की चूं केलं नाही. मालकाचे आभार मानून सगळे रेल्वेचे रूळ ओलांडून गेले, एका घरात शिरले, दार लावलं, आणि मग आतून जल्लोष उसळला.

त्या काळी कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या घरी मागच्याच दारानं यायचं. कृष्णवर्णीय धर्मगुरू बिशप जॉन्सन यांचा शिकलेला मुलगा मात्र कार्टरांच्या पुढच्या दाराशी यायचा. लिलियनबाई त्याला आत घ्यायच्या, अर्ल घराबाहेर निघून जायचे. हे सारं जिमींनीच लिहिलं. बापावर त्यांचा जीव होता, तरी लिहिलं. पुढे १९७१ साली जॉर्जियाचे गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच भाषणात वांशिक भेदभावाचा काळ संपला, असं ते सांगू शकले, त्याची मुळं मला क्लार्कांच्या घरात दिसतात.

आपल्याकडे थोरांचे वाडे जपतात तेव्हा काय ठेवतात? पलंग, काठी, पगडी, तांब्याचं घंगाळ. ते घंगाळ रोज भरणारीचं नाव कुठे असतं? कार्टरांसारखेच माझे आजोबाही भुईमूग पिकवायचे, कराडकडे. आमच्या सालगड्याची कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. ते घर कुणी जपलं तर ती कपबशीही तिथे दिसली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

असं केल्यानं थोर माणसाचं मोठेपण उणावेल, ही भीती मला पटत नाही. आर्चरीत क्लार्कांचं घर उभं राहिलं ते कार्टर हयात असताना, आणि त्यानं त्यांचा मान कमी झाला नाही.

तुमच्या गावात एखाद्या नेत्याचं घर स्मारक होत असेल, तर समितीला एवढं सांगा: तिथे राबलेल्यांची नावं लिहून घ्या, त्यांची खोपटी उभी असतील तर पाडू नका. ही नावं ठाऊक असलेली म्हातारी माणसं अजून गावात आहेत. या दिवाळीत गेलात की त्यांना विचारा.