चिमणीच्या पिल्लाला कण्या चालत नाहीत

दर 20 मार्चला आपण चिमणी दिन साजरा करतो. मातीच्या वाट्या, मूठभर कण्या, पाणी, मग स्टेटसला फोटो. दोन वर्षं मीही हौसेनं वाट्या टांगल्यात, तेव्हा हे माझ्यावरही आहेच.

यंदा व्हरांड्यात एक चिमणी वाटीशेजारी बसलेली दिसली. कण्यांना तिनं चोचही लावली नाही. मेंदीच्या कुंपणात शिरली, हिरवी अळी पकडली आणि मीटरबॉक्सवरच्या घरट्यात गेली. मोठी चिमणी दाणे टिपते, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना अळ्या, मावा, कोळी असं मऊ खाणंच लागतं; वाढीची प्रथिनं त्यातून मिळतात. म्हणजे वाटी भरलेली आणि पिल्लू उपाशी, असं होऊ शकतं. चिऊताईचं मेणाचं घर आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती बाळाला काय भरवते हे कुणी सांगितलंच नाही!

2023 च्या भारतातल्या पक्ष्यांवरच्या अहवालात 942 जातींचा आढावा आहे. किडे खाणारे पक्षी त्यात झपाट्यानं घटताना दिसतात, फळं आणि मध खाणारे त्या मानानं बरे आहेत. नेदरलँड्समधला 2014 चा अभ्यास तर थेट औषधावर बोट ठेवतो: जिथल्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड जास्त, तिथे कीटकभक्षी पक्षी जास्त वेगानं कमी झाले. हेच औषध आपल्याकडे भातावरच्या तुडतुड्यांसाठी सर्रास विकलं जातं. बेळगावच्या बासमतीचं कौतुक करताना हे कुणाच्या डोक्यात येतं?

शेतकऱ्याला उपदेश करणं सोपं आहे. त्याचं पोट त्या पिकावर आहे. आपल्या लॉनवर कुणाचं पोट आहे? तरीही तिथे फवारणी होते, पालापाचोळा जाळला जातो, गवत वाढलं की कापलं जातं. गवतानं डेंग्यू होतो म्हणतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्या न धुतलेल्या वाट्याच त्याला जास्त सोयीच्या! सापाची भीती मात्र खरी आहे, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेपासून दूरची जागा हवी.

पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लौदातो सी’ या पत्रात किडे आणि गांडुळंही आहेत. आपल्या फलकावर मात्र फक्त झाडं आणि पक्षी उतरले.

ग्रोटोमागचा तुकडा एक वर्ष न फवारता, न कापता सोडावा, एवढीच माझी मागणी आहे. अर्ज लिहून ठेवलाय, सह्या हव्यात. जूनमध्ये गवत कापायचं मशीन येतं, त्याआधी.